जुन्या म्हणून दिलेल्या गोधड्या

आमच्या गोधड्यांत जुनं लुगडं नव्हतंच. हे कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंत. एवढं लिहायला तेवढी पुरते.

संभाजीनगरहून एक पोरगी आमच्या गावाला, धावड्याला यायची. शिकलेली, पंचविशीतली. लोक फार कपडे घेतात आणि फार टाकतात, त्यापेक्षा जुनंच वापरावं, असं तिचं म्हणणं. आम्ही बायकांनी जुन्या सुती लुगड्यांच्या गोधड्या शिवायच्या, तिनं पुण्याकडं विकायच्या. प्रत्येक गोधडीला ती चिठ्ठी लावायची, लुगडं कुणाचं होतं ते लिहून.

पण गावात जुनी लुगडी होती कुठं? आमची सगळी बोहारणीला देऊन कधीच स्टीलचे डबे घेतलेले. आता नेसतो त्या साड्या पॉलिस्टरच्या, त्यांची गोधडी ना ऊब धरते ना टाका. हे पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं. मी सांगितलं, "हायत की, ढीगभर." हातचं काम जाईल म्हणून.

मग मी आणि माझी धाकटी जाऊ जालन्याच्या बाजारात जाऊन नवं सुती कापड घेऊन आलो. ते सोड्यात उकळायचं, दगडावर आपटायचं, आठ दिवस पत्र्यावर उन्हात टाकायचं. जुनं दिसायचं. पोरगी विचारायची, "आजी, हे कुणाचं?" मी म्हणायची, "सासूचं." सासूनं जन्मात एवढी लुगडी पाहिली नसतील.

पोरगी गेली की जाऊ म्हणायची, "बाई, तुमची सासू लई नटवी व्हती हो."

"तुझी बी तीच व्हती."

आम्ही हसायचो.

शेवटच्या मालाला घाई झाली. कापड एकदाच पाण्यातून काढलं आणि शिवलं. गिऱ्हाइकांच्या चादरींना रंग लागला. जुनं लुगडं रंग सोडत नाही, सुटायचा तो कधीच सुटलेला असतो. पोरगी विचारायला आली. "आजी, लोक म्हणतात हे जुनं नाही."

"शहरातल्यायला काय कळतंय जुन्याचं," मी म्हटलं.

तिला ते पटलं. परत जाऊन ती आमच्या बाजूनं लोकांशी भांडली.

पुढं काही महिन्यांत मागणी बंद पडली. ती स्वतः सांगायला आली. "माफ करा, आजी. लोकांची हौस संपली. आता सगळ्यांना स्वस्त पाहिजे." मी तिला भाकरी-ठेचा वाढला. खरं सांगायला ती जेवत होती तेवढा वेळ माझ्या हातात होता.

ती गेल्यावर जाऊ म्हणाली, "आता सांगून काय फायदा? काम तर गेलंच. मंग कशाला तिचं मन मोडायचं?"

हौस संपली असेलही. पण ज्याची चादर खराब झाली तो दुसऱ्यांदा जुनं कशाला घेईल? तेवढी हौस आम्ही संपवली.

गेल्या आठवड्यात सांगायचंच म्हणून तिला फोन लावला. ती एका तयार कपड्यांच्या कंपनीत लागली आहे. म्हणाली, "इथं दर पंधरवड्याला नवा माल येतो, आजी. जुन्याचं कुणी नाव काढत नाही. माझंच कुठंतरी चुकलं असेल."

"तुझं काय चुकलं, पोरी," मी म्हटलं. मग तिच्या आईची तब्येत विचारली आणि फोन ठेवला.