घड्याळजींनी घर उघडलं

आजवर आपल्या हातून एकही स्क्रू हरवलेला नाही, हे घड्याळजी कुणी न विचारताच सांगायचे. कोपऱ्यावरचं त्यांचं दुकान एका माणसापुरतं होतं. दुसरा आला तर पहिल्याने पोट आत घ्यायचं. टेबलावर पांढरं कापड, डोळ्याला भिंग, हातात चिमटा. घड्याळ आलं की आधी ते सगळंच्या सगळं उघडायचं, निघेल तो भाग कापडावर डावीकडून उजवीकडे ओळीने मांडायचा, सगळं पुसून झालं की उजवीकडून उचलत उलट बसवत जायचं. आणि त्या कापडाला कुणी, अगदी कुणीही हात लावायचा नाही. एकदा गिऱ्हाईक कापडाजवळ शिंकलं, तर घड्याळजींनी त्याला रस्त्यावर उभं राहून बोलायला सांगितलं होतं.

त्यांची बायको कपडे शिवायची. आख्खी गल्ली तिला शिवणकाकू म्हणायची. घरात तिचा शब्द शेवटचा, आणि बहुतेक वेळा पहिलाही. हिवाळा सरला, झाडांना कोवळी पानं फुटली की ती शिवणयंत्रावर चादर टाकायची, डोक्याला फडकं बांधायची आणि घराची मोठी सफाई काढायची. त्या दिवसांत घड्याळजी दुकानातून उशिरा घरी यायचे. मदत करायला ते तयार नसायचे असं नाही. एका वर्षी त्यांनी एक बरणी पुसायला घेतली होती, तर दुपारपर्यंत तीच पुसत बसले. तेव्हापासून शिवणकाकूंनी त्यांच्यापुढे हात टेकले होते.

यंदा मात्र घोटाळा झाला. एक ताडमाड गिऱ्हाईक कोट शिवायला आलं. त्याच्या खांद्याचं माप घ्यायला शिवणकाकू स्टुलावर चढल्या आणि टेपसकट खाली आल्या. उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, हात गळ्यात अडकवला आणि बजावलं, "या हाताने काही उचलायचं नाही, पिळायचं नाही, घासायचं नाही. ऐकलं नाहीत तर हाड वाकडं जुळेल. मग सुई धरायचं विसरा."

शिवणकाकूंनी मान डोलावली. पण घड्याळजींना ती मान चांगली ओळखीची होती. दुसऱ्याच दिवशी सकाळचं ऊन तिरपं होऊन घरात शिरलं आणि हिवाळाभर दडून बसलेली धूळ त्याने चव्हाट्यावर आणली.

"अहो, जरा पंख्याकडे बघा."

"बघितलं."

"काय दिसलं?"

"पंखा."

शिवणकाकूंनी सुस्कारा सोडला. "राहू दे. मी डाव्या हाताने हळूहळू करीन."

डावा हात सुरुवात करणार आणि अर्ध्या वाटेत उजवा न बोलावता हजर होणार, हे घड्याळजी जाणून होते. एवढ्या वर्षांत या बाईने अर्धं काम टाकून दिलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. हात वाकडा जुळला तर ती रडणार नाही, तक्रार करणार नाही, नुसती त्या यंत्रासमोर बसून राहील. हे चित्र त्यांना सहन होईना.

"एक वर्ष नाही झाली सफाई, तर काय आकाश कोसळणार आहे?" त्यांनी विचारलं.

"आकाश नाही. धूळ कोसळेल. तीही तुमच्या ताटात."

"मग मी करतो."

शिवणकाकू इतक्या हसल्या की गळ्यातली झोळी हलायला लागली. घड्याळजींना ते चांगलंच झोंबलं. सोमवारी त्यांनी दुकान बंद ठेवलं.

त्या सकाळी शिवणकाकू गिऱ्हाइकांच्या घरी 'कपडे लांबणार' हे सांगायला गेल्या होत्या. दुपारी परत येऊन दार ढकललं आणि त्या उंबऱ्यातच थबकल्या. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. घड्याळजींनी घर उघडलं होतं. घर उघडलं म्हणजे दार नव्हे, घर. पंख्यांची पाती खाली उतरली होती. कपाटांची दारं बिजागऱ्यांतून निघून भिंतीला टेकली होती. कप्पे, मुठी, कड्या, नळांच्या जाळ्या, शेगडीचे बर्नर, दिव्यांची झाकणं, पडद्यांच्या कड्या, सगळं चादरींवर डावीकडून उजवीकडे ओळीने मांडलेलं. पहिल्या चादरीपाशी घड्याळजी डोळ्याला भिंग लावून पहिलीच वस्तू, खिडकीची कडी, पुसत उकिडवे बसले होते. शिवणयंत्राला तेवढा त्यांनी हात लावला नव्हता. एवढी अक्कल शाबूत होती.

"चहा कुठे करू?" शिवणकाकूंच्या तोंडून एवढंच निघालं.

"संध्याकाळपर्यंत बसवतो सगळं. तोवर कशाला हात लावू नकोस."

आता तुम्हीच सांगा, उन्हातून तहानलेली आलेली बाई स्वतःच्या स्वयंपाकघरात जाण्यासाठी संध्याकाळपर्यंत थांबेल का? शिवणकाकूंनी वाटेतल्या चादरीचं टोक डाव्या हाताने धरलं आणि जरासं बाजूला ओढलं. स्क्रू घरंगळले. मुठी स्क्रूंवर गेल्या, जाळ्या मुठींवर गेल्या आणि घड्याळजींची सकाळ एका क्षणात एका ढिगात जमा झाली.

घड्याळजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते काय ओरडले ते त्यांनाही नंतर आठवेना, पण शेजारच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी वहिनी चिमटे टाकून आत पळाली.

शिवणकाकूंचं तोंड एवढंसं झालं. "थांबा, ओरडू नका, मी भरून देते," म्हणत त्या खाली वाकल्या. डाव्या हाताने स्क्रू गोळा करायला लागल्या, आणि मध्ये आलेला कप्पा बाजूला सारायला उजवा हात झोळीतून बाहेर आला. न बोलावता. अगदी घड्याळजींना वाटलं होतं तसाच.

"हात!" घड्याळजी किंचाळले. स्क्रू तुडवत आले, तिथेच फतकल मारून बसले आणि ते प्लास्टर दोन्ही हातांत धरून ठेवलं. राग कुठल्या कुठे पळाला होता.

"दुखलं का?"

"नाही हो. नुसता लावला होता."

"खड्ड्यात गेले ते स्क्रू. खड्ड्यात गेली सफाई. मी हे सगळं कशासाठी काढलं, कळतंय का तुला? मला घर नको चकचकीत. मला हा हात हवाय."

इतकं सरळ बोलायची या घरात पद्धत नव्हती. शिवणकाकू हात परत झोळीत घालत म्हणाल्या, "मग माझ्या पद्धतीने करा. तुम्ही हात व्हा, मी तोंड होते."

"तोंड तू आधीपासूनच आहेस," घड्याळजी म्हणाले, आणि त्या ढिगात बसून दोघं हसायला लागली.

सगळं परत बसवता बसवता मंगळवार उलटला. शेवटी वाटीभर स्क्रू उरले. ते कुठले, हे ना हाताला कळलं ना तोंडाला. ज्यांचा एक स्क्रू कधी हरवला नव्हता त्यांच्याकडे आता वाटीभर जास्त निघाले. घड्याळजींनी ती वाटी गुपचूप फळीवर मागे सरकवली.

बुधवारपासून खरी सफाई सुरू झाली. शिवणकाकूंनी खोलीच्या मधोमध खुर्ची मांडली आणि तिच्यावरून राज्य केलं.

"एका वेळी एक खोली. ती संपल्याशिवाय दुसरीकडे बघायचंही नाही. आणि आधी पसारा काढायचा. जे वर्षभर लागलं नाही ते पुसायचं कशाला? देऊन टाका."

"हा रेडिओ मी दुरुस्त करणार आहे."

"आपली मुलगी शाळेत होती तेव्हापासून करताय."

रेडिओ गेला. घड्याळजींनी त्याला दारापर्यंत सोडलं.

"आता वरून खाली या. आधी छताची जळमटं, मग पंखा, मग कपाटांचे माथे, जमीन शेवटी. खालून सुरू केलंत तर वरची धूळ पुन्हा खालीच बसणार. आणि सगळं आधी कोरडं झाडायचं. धुळीला लगेच पाणी लावलं की चिखल होतो."

पंख्याला शिवणकाकूंची एक युक्ती होती. जुना उशीचा अभ्रा पात्यावर चढवायचा, वरून दाबून धरायचा आणि हळूच मागे ओढायचा. धूळ सगळी अभ्र्यात. घड्याळजींनी पहिलं पातं तसं पुसलं, अभ्रा उलटून आतला काळा गठ्ठा बघितला आणि म्हणाले, "अगं, हे सोमवारी का नाही सांगितलंस?"

"सोमवारी पातं जमिनीवर होतं."

नळांवरचे पांढरे डाग काढायला घड्याळजी ब्रश आणि भिंग घेऊन बसले, तेव्हा शिवणकाकूंनी ते दोन्ही बाजूला ठेवायला लावलं. फडकं व्हिनेगरमध्ये बुडवून नळाला गुंडाळायचं आणि जाऊन चहा प्यायचा. परत येईपर्यंत डाग सैल झालेला असतो. गादीवर खाण्याचा सोडा भुरभुरवायचा, दुपारभर तसाच ठेवायचा, मग झटकायचा. "घासत कशाला बसता? भिजत घाला आणि वाट बघा," शिवणकाकू सारखं म्हणायच्या. घड्याळजींना हे फार अवघड गेलं. काम चालू असताना चहा पिणं त्यांना लबाडी वाटायची. पण दुसऱ्या नळापासून त्यांना त्या लबाडीची गोडी लागली.

पाठ मोडून आली, नाकी नऊ आले, पण एकेक खोली उजळत गेली. संध्याकाळी लेकीचा फोन आला की घड्याळजी फोनवर पंख्याची युक्ती अशा थाटात सांगायचे, जशी काही त्यांनीच शोधून काढलीय. "बाबा, हे आईने मला शाळेत असताना शिकवलंय," लेक म्हणायची, आणि शिवणकाकू खुर्चीतून त्यांच्याकडे बोट दाखवत गालातल्या गालात हसायच्या. मात्र अधूनमधून उजव्या हाताची बोटं प्लास्टरच्या टोकाशी वळवळायची. ती दिसली की घड्याळजी तिथल्या तिथे काम थांबवायचे आणि बोटं शांत होईपर्यंत नुसते उभे राहायचे.

शेवटी बैठकीच्या खोलीची मोठी खिडकी राहिली. तिच्याच उजेडात शिवणयंत्र होतं. दुपारी शिवणकाकूंचा डोळा लागला होता, म्हणून घड्याळजींनी ठरवलं, न विचारता करून टाकू, उठल्यावर थक्क होऊ दे. भर उन्हात त्यांनी ती काच साबणाने धुतली, पुसली आणि लांब उभं राहून घामाघूम होत तिच्याकडे पाहिलं. शिवणकाकू उठल्या, खिडकीसमोर आल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"कशी झालीय?" घड्याळजींना धीर धरवेना.

"छान झालीय."

घड्याळजींचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी ते छाती पुढे काढून दुकानात गेले.

प्लास्टर निघालं त्या सकाळी मात्र ती छाती पार आत गेली होती. डॉक्टरांनी हात दाबून पाहिला, फिरवून पाहिला, मग म्हणाले, "अंगठा बोटांना लावून दाखवा." अंगठा पहिल्या बोटाला लागला. दुसऱ्याला लागला. करंगळीपाशी जरा अडखळला आणि लागला. "हाड सुतासारखं सरळ जुळलंय," डॉक्टर म्हणाले. "हाताला फारच जपलंत की." घड्याळजींना रडू फुटलं. चष्मा पुसायचं नाटकही त्यांना जमलं नाही. ते चक्क रडले, आणि शिवणकाकूंनी मोकळ्या झालेल्या हाताने त्यांच्या पाठीवर थोपटलं.

घरी येताच शिवणकाकू यंत्रासमोर बसल्या. सुईत दोरा ओवायला दोनदा हुकल्या, तिसऱ्यांदा दोरा गेला. घड्याळजी त्यांच्या पाठीमागे श्वास रोखून उभे होते. श्वास सोडला, मान वर केली, तेव्हा त्यांना समोरची खिडकी दिसली. एरवी या वेळेला ते दुकानात असत. सकाळचं ऊन काचेवर तिरपं पडलं होतं आणि काचभर साबणाचे फराटे उमटले होते, आडवे, उभे, वाकडे, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

घड्याळजी बघतच राहिले. "हे रोज असंच दिसतं?"

"सकाळी जरा दिसतं. उन्हात पुसली ना तुम्ही, पाणी पुसायच्या आधीच वाळलं."

"आणि तू रोज इथे या काचेसमोर बसत होतीस."

"बसत होते."

"डोळ्यात खुपलं नाही?"

"खूप खुपलं."

"अगं, मग डाव्या हाताने दोन फडकी मारली असतीस, तर मला पत्ताही लागला नसता."

शिवणकाकूंनी दोऱ्याला गाठ मारली. "कशी मारणार? तुम्ही पुसली होती ना."

घड्याळजी तडक आत गेले आणि बादली, फडकं आणि जुनी वर्तमानपत्रं घेऊन बाहेर आले. शिवणकाकूंनी मान न उचलताच त्यांना थांबवलं.

"आता नको, ऊन आहे. ते उतरलं की दोघं मिळून पुसू. तुम्ही बाहेरून, मी आतून."