हसायचं नाही, ही अट

तो गेला तेव्हा पेपरात त्याचा फोटो आला, खाली ‘हरहुन्नरी विनोदी नट’ असं छापून. नाटकांतून त्यानं महाराष्ट्राला हसवलं, वगैरे. ते खरंच आहे, पण लालबागच्या आमच्या चाळीला त्याचं कौतुक होतं ते गाऱ्हाण्यासाठी. गणपती बसला की पहिल्या आरतीनंतर तो मांडवात उभा राहून मालवणीत देवाला गाऱ्हाणं घालायचा आणि दर वाक्याला सगळी चाळ ‘व्हय म्हाराजा’ म्हणायची. रीत कोकणातली, मागण्या मात्र आमच्या. दुसऱ्या माळ्याच्या नळाला पाणी येऊ दे, बिल्डरला सुबुद्धी दे, अध्यक्षांच्या जावयाला एकदाची नोकरी लागू दे.

पहिला ‘व्हय म्हाराजा’ माझा असायचा. मी त्याचा भिंतीला भिंत लागून शेजारी, विम्याच्या कचेरीत कारकून, आणि चेहरा जन्मापासून तेरावा जेवून आल्यासारखा. त्यानं तो चेहराच हेरला होता. अट एकच घातली, “तू हसाचा नाय. तू हसलंस तर माझी वाट लागली. तू गंभीर ऱ्हवलंस तर लोक गडाबडा लोळतले.”

तीस वर्षं मी ती अट पाळली. नुसती मांडवात नाही, तर गॅलरीत, नाक्यावर, दादरला त्याच्या नाटकाला पहिल्या रांगेत बसलो तरी. त्याच्यासमोर हसणं म्हणजे बेइमानी वाटायची. घरी येऊन दार लावलं की मात्र पोट धरून हसायचो. बायको म्हणायची, “अहो हळू, मधली भिंत फळ्यांची आहे.”

आषाढात तो परळला हॉस्पिटलात पडला. मी भेटायला गेलो तेव्हा नाकात नळी होती, आवाज खोल गेला होता. मला जवळ बोलावून म्हणाला, “खरा सांग, इतक्या वर्षांत मी कधी तुका हसवलंय काय रे?”

मी सांगायला हवं होतं. भरभरून सांगायला हवं होतं. पण वाक्य संपवून त्यानं माझ्याकडे पाहिलं ते अगदी मांडवात पाहायचा तसं, आणि माझ्या तोंडून सवयीनं, गंभीरपणे निघून गेलं, “व्हय म्हाराजा.” त्यानं डोळे मिटले. वेळ संपली म्हणून नर्सनं मला बाहेर काढलं. दोन दिवसांनी तो गेला. हो म्हणालो होतो खरा, पण ते उत्तर होतं की नुसती सवय, हे त्याला कळलं असेल का? स्वतःचा एवढा राग मला जन्मात आला नव्हता.

यंदा गाऱ्हाणं माझ्याच गळ्यात पडलं. नळ झाला, बिल्डर झाला, जावई झाला (त्याला अजून नोकरी नाही). लोक खाली माना घालून ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होते, हसत कुणीच नव्हतं. शेवटी मी म्हणालो, “बा देवा म्हाराजा, आमचो माणूस तुझ्याकडे इलो हा. तो तुका हसवूक बघतलो. तेव्हा तू हसून घी. माझ्यासारखो गप ऱ्हवू नको.”

मांडवातून कुणाचाच आवाज निघेना. आवाज आला तो वरून, दुसऱ्या माळ्याच्या गॅलरीतून, एकटा आणि गंभीर. “व्हय म्हाराजा.” त्याची बायको होती. वर्षाच्या आत सण नाही म्हणून वहिनी खाली उतरल्या नव्हत्या, कठड्याशी उभ्या होत्या. चेहऱ्यावरची रेष हलली नव्हती. ते बघून मला हसू फुटलं, माइकवर, सगळ्या चाळीदेखत. मग चाळही हसली.

दुसऱ्या दिवशी मोदकांचं ताट घेऊन मी त्यांच्याकडे गेलो आणि हॉस्पिटलातलं सगळं सांगून टाकलं. वहिनींनी ऐकून घेतलं. मग त्या फळ्यांच्या भिंतीकडे बोट दाखवून म्हणाल्या, “भावोजी, दर वर्षी गाऱ्हाणं झालं की हे मला पान वाढू देत नसत. या फळीला कान लावून बसत. पलीकडे तुमचं हसणं ऐकू आलं की म्हणत, ‘झाला, हसलो तो. वाढ आता.’”

म्हणजे लबाडाला सगळं ठाऊक होतं. खाटेवरून तो माझी परीक्षा घेत होता, आणि मी हसलो नव्हतो.