काकूंची ताजी भाजी

माझ्या घरमालकीण काकूंइतका भाजीवर अविश्वास असलेला माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. मी देऊळघाटच्या शाळेत नवा शिक्षक होतो आणि त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहत होतो. महाराष्ट्र होऊन तेव्हा चारदोन वर्षंच झाली होती. काका वारल्यावर शेती काकूच पाहत. त्या बाजाराला निघाल्या की भाजीवाल्या जुड्या लपवत असत, असं मी ऐकलं होतं. पुढे डोळ्यांनी पाहिलं. काकू मेथीचं पान चुरगाळून नाकाशी नेत, देठ मोडून त्याचा आवाज ऐकत, आणि ही कोणत्या विहिरीच्या पाण्यावरची, केव्हा तोडली, तोडणारीने हात धुतले होते का, हे फौजदारासारखं विचारत. विशेषतः गावात कोणी बाई पोटुशी असली की त्यांना धीर निघत नसे. घर ओळखीचं असो नसो, त्या सरळ स्वयंपाकघरात जात आणि टोपली पालथी करत. एकदा सरपंचांच्या सुनेसाठी मलकापूरहून ट्रकने वांगी आणली होती. काकूंनी ती सगळी म्हशीला घातली आणि सरपंचांच्या तोंडावर म्हणाल्या, “एवढा परवास करून आली, थकली असतीन. पोटुशीले थकेल वांगं काऊन खाऊ घालता?” सरपंचांनी कसनुशी मान हलवली. म्हैस मात्र खूश होती.

त्यांचा सिद्धांत साधा होता. बाई जिथे उभी आहे तिथल्याच मातीतलं, त्याच सकाळचं, तिने खावं. पोटातल्या लेकराला आपण कुठे येतो आहोत ते आधीच कळलं पाहिजे. हा सिद्धांत त्या गावभर लावत होत्या तोवर कोणाची हरकत नव्हती. पण त्यांची एकुलती मुलगी कुसुम नवऱ्याच्या नोकरीमुळे जर्मनीला गेली आणि तिथे तिला दिवस राहिले, तेव्हा काकूंनी तोच सिद्धांत तिलाही लावला. गावातल्या बायका पापड, लोणची, मेतकूट घेऊन आल्या, पाठवा म्हणाल्या. काकूंनी सगळं परत केलं. आईचं काळीज दगडाचं आहे, असं त्या बायका जाताना अंगणातच बोलल्या. काकूंना ऐकू गेलं असावं, कारण त्यांनी झाडू जरा जोरात मारला.

काकूंना लिहिता येत नसे. पत्रं मी लिही. इथेच माझा गुन्हा सुरू होतो, आणि तो सांगितल्याशिवाय काकूंबद्दल लिहिण्याचा मला अधिकार नाही. मी मराठीचा शिक्षक. त्यांच्या वाक्यांना मी इस्त्री करत असे. कुसुमने एकदा लिहिलं की इथलं काही घशाखाली उतरत नाही, आई, तुझ्या हातची अंबाडी हवी. काकूंनी सांगितलं, “लेहा. इथून काई येनार नाई. वाट पाहू नको. बाजारात जाय, तिथची पोटुशी बाई काय घेते थे पाह्य, अन् थेच घे.” मला हे फार कोरडं वाटलं. इतक्या दूर असलेल्या पोरीला असं कसं लिहायचं? मी लिहिलं, “बाळ, तुझ्या आठवणीने घास उतरत नाही. अंबाडी वाळवून ज्वारीच्या पिठासोबत लवकरच पाठवते.” वाचून दाखवताना मात्र काकूंचंच वाक्य म्हटलं. मला वाटलं, मी दोघींवर उपकार करतो आहे.

महिन्याने उत्तर आलं. पार्सल अजून आलं नाही, आई. डॉक्टर म्हणतात वजन घटतंय, बाळ लहान आहे. पण तुझी अंबाडी आली की मी नीट जेवेन, तोवर चहापावावर राहते.

मी ते काकूंना वाचून दाखवलं नाही. “तब्येत ठीक आहे,” म्हणालो. दुसऱ्या दिवशी रजा काढून, पार्सल पाठवता येईल का ते विचारायला बुलढाण्याच्या पोस्टात गेलो. तिथल्या बाबूने सांगितलं, जहाजाने दोन-तीन महिने लागतील, आणि पालापाचोळा तिकडे उतरू देतील याची खात्री नाही. बाळ त्याआधीच यायचं होतं. परत आलो तो थेट काकूंच्या वावरात गेलो आणि बांधावर उभा राहून सगळं सांगितलं.

त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, “वजन किती घटलं म्हन्ते?” मग हात धुऊन घरी आल्या आणि म्हणाल्या, “लेहा. पार्सलचं गुरुजीनं मनानं लेहलं. माय तुह्याशी खोटं बोलली नाई. आजच्या आज बाजारात जाय.” लिहून झाल्यावर माझ्यावर विश्वास न ठेवता त्यांनी ते पत्र पोस्टमनकडून वाचून घेतलं. पोस्टमनने ते दोनदा वाचलं आणि मला म्हणाला, “गुरुजी, अक्षर झकास हाये. मजकूर काई तुमच्या बाजूचा नाई.”

पुढचे तीन आठवडे पोस्टमन शाळेवरून जाऊ लागला की मी वर्ग सोडून खिडकीशी जात असे. काकू उंबऱ्यावर बसून असत. एरवी बाजारचा दिवस न चुकवणाऱ्या बाईने दोन बाजार चुकवले.

मग उत्तर आलं. कुसुम बाजारात गेली होती. तिथे एक म्हातारी आपल्याच मळ्यातली भाजी विकायला बसते. कुसुमच्या पोटाकडे पाहून तिने लाल देठांच्या पानांची जुडी हातात कोंबली, पैसे घेतले नाहीत. कुसुमने ती लसूण घालून परतली. अंबाडीसारखी आंबट नव्हती, पण मुळांना ओली माती होती. आई, मी दोन पोळ्या खाल्ल्या.

काकूंनी हे पोस्टमनकडून एकदा आणि माझ्याकडून एकदा वाचून घेतलं. नंतर म्हणाल्या, त्या बाईले पत्र लेहा. मी विचारलं, कोणत्या भाषेत? काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दौत जवळ ओढली. “बाई, माह्या पोरीले रोज सकायची भाजी देत जाय. तिची माय दूर हाये.” मी तेवढंच लिहिलं, जसंच्या तसं.

कुसुमने ते म्हातारीला समजावून सांगितलं. म्हातारीने कागद उलटसुलट पाहिला आणि एप्रनच्या खिशात ठेवला. तेव्हापासून बाजाराच्या दिवशी एक जुडी बाजूला असे. मुलगी झाली, वजनाने चांगली.

मी तिथे सात वर्षं राहिलो. दर पत्रात काकू आधी त्या बाईची खुशाली विचारत, मग पोरीची. शेवटच्या वर्षी कुसुमने कळवलं की म्हातारी गेली. ते पत्र मी अक्षर न गाळता वाचलं. काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“मंग तिच्या वावरात आता कोन हाये?” त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं, आणि विचारण्यासाठी कोरा कागद घेतला.