प्राणवायूचा आग्रह

सप्टेंबर २०१५. सुमात्रातल्या वणव्यांचा धूर सिंगापुरातल्या हौगांगवर असा बसला होता की समोरचा ब्लॉक नुसता अंदाजाने ओळखावा. शुभदाताईंनी खिडक्या लावल्या, फटींत ओले पंचे कोंबले आणि मेथी निवडायला घेतली.

पलीकडे त्यांचे यजमान पद्माकरराव खुर्चीत, नाकात नळी. जुलैत न्यूमोनियाने फुप्फुसं जायबंदी केली, तेव्हापासून कोपऱ्यातलं ऑक्सिजनचं मशीन घरात तिसऱ्या माणसासारखं घोरत होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, बटण दोनवर. बोटाला लावायच्या चिमट्यावर रक्तातला ऑक्सिजन ब्याण्णव ते पंच्याण्णव टक्के दिसला की पुरे.

दुसऱ्याच्या तोंडचं 'पुरे' शुभदाताईंना कधी पटलं नव्हतं. मूळच्या वाईच्या. पाहुण्याने ताटावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून तूप सोडायच्या. ब्याण्णव म्हणजे त्यांच्या लेखी अर्धपोटी माणूस. त्यांनी गुपचूप बटण चारवर नेलं. चिमटा नव्व्याण्णव दाखवू लागला. वहीत मात्र त्या 'बटण दोन' असंच लिहीत.

सकाळी दहाला नर्स सिती तपासणीला आली. वही बघून खूश झाली.

"दोनवर नव्व्याण्णव? छान आहे, आंटी. आज नळी काढून अंकलना चालवून बघू. जमलं तर मशीन परत."

पद्माकरराव लगेच पायाने चपला चाचपू लागले. दोन महिन्यांत ते लिफ्टपर्यंतसुद्धा गेले नव्हते. शुभदाताईंनी मेथीची एकच काडी तीनदा मोडली.

"थांबा," त्या म्हणाल्या. "बटण चारवर आहे."

"कधीपासून?"

"गौरी जेवल्या तेव्हापासून."

सितीला गौरी कळल्या नाहीत, चार कळलं. तिने बटण दोनवर आणलं. "आंटी, जादा ऑक्सिजन साठून राहत नाही. त्यातून जहाल कण तयार होतात, आणि भरत आलेलं फुप्फुस आतून पुन्हा पोळू शकतं."

"मी तीस वर्षं सांगतोय," पद्माकरराव म्हणाले, "फक्त तुपाबद्दल."

वीस मिनिटं तिघं चिमट्याकडे बघत बसले. सत्त्याण्णव, पंच्याण्णव, मग त्र्याण्णववर थांबला.

"बास होतंय का तुम्हाला?" शुभदाताईंनी विचारलं.

"होतंय बास."

शुभदाताईंनी बटणाला हात लावला नाही. सितीने वहीतले आठ दिवस खोडायला लावले आणि चालण्याची परीक्षा दोन आठवडे पुढे ढकलली. पद्माकररावांनी चपला पायानेच खुर्चीखाली सारल्या.

निघताना सितीपुढे लाडवांचा डबा आला. तिने एक घेतला. शुभदाताईंनी झाकण लावलं आणि उरलेली मेथी पुढ्यात ओढली.