धनगरवाड्याचा ठराव

आमच्या उपकेंद्रात आरोग्य समितीची बैठक असली की पानशेतच्या वरच्या धनगरवाड्यातून एक म्हातारे मामा डोंगर उतरून यायचे. ते समितीतले सभासद. नाव मी कधी विचारलंच नाही. वाडीला रस्ता नाही. कुणी आजारी पडलं की बांबूला घोंगडीची झोळी बांधून मामा आणि वाडीतली तीन पोरं त्याला माझ्यापर्यंत, म्हणजे उपकेंद्रातल्या नर्सपर्यंत, आणायची. दोघं दमले की दुसरे दोघं खांदा द्यायचे. मामांचा उजवा खांदा त्यानंच कायमचा उतरला होता.

दर बैठकीत रस्त्याचा ठराव व्हायचा. मी लिहायचे, मामा अंगठा द्यायचे. कागद इथंच राहायचा, झोळ्या येतच राहायच्या.

परवाच्या बैठकीला मामा नुसता बांबू घेऊन आले. तो त्यांनी दाराशी टेकवला.

"ऱ्हाऊ द्या हितंच, बाई. पोरं पुन्याला गेली. खांद्याला आता मी एकटाच."

"मग वर कुणाला काही झालं तर?"

"त्ये बी ठरवलंय आमी. कुनी आजारी पडायचं न्हाई. लिवा."

मला हसू आलं. मामांनी मात्र अंगठा शाईला लावून पुढं धरला होता.