जुन्या फोनमधला आवाज

हज़रतगंजच्या मोबाइल दुकानात माझ्याशेजारी एक वयस्कर बाई उभ्या होत्या. मुलाने दुसऱ्या कंपनीचा महागडा फोन पाठवला होता. पण जुन्या फोनमधले वारलेल्या नवऱ्याचे आवाजी निरोप त्यात येईनात.

"मैडम, दोनों कंपनियों की आपस में बनती नहीं," दुकानदार म्हणाला.

बाईंचा आवाज चढला, पण 'आप' सुटलं नाही. "झगड़ा उनका है, तो मेरे मियाँ को बेघर क्यों कर रहे हैं आप?"

त्यांची अडचण ऐकून मीही संतापलो होतो. माझ्याकडे मात्र असे शब्द नव्हते. त्यांनी सिम परत जुन्या फोनमध्ये घालून घेतलं आणि खात्रीसाठी एक निरोप लावला. दुकानभर ऐकू आलं, "बेगम, धनिया मिल गया. पुदीना भी लूँ?"