बोटीची मागची फळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मिलिंदला तर नाहीच नाही. माझ्यासारख्याच्या पोटात एखादी गोष्ट इतकी वर्षं राहिली, यावर मला ओळखणारं कुणी विश्वास ठेवणार नाही. ठेवूही नये. सिंगापूरच्या मराठी मंडळींत माझी ख्यातीच अशी, की मी सांगितलेल्या कुठल्याही आकड्याला चारने भागायचं. मी बारा फुटी मगर पाहिली म्हटलं, तर लोक तीन फुटांची घोरपड धरून चालतात. आणि खरं सांगू? घोरपडच होती. दोन फुटांची.

तर आज भागायची गरज नाही. आज मी एखाद वेळी कमी सांगेन, जास्त नाही.

बोटीपासून सुरू करतो. ते सोपं आहे.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. मी पाया लेबारच्या एका ऑफिसात बसून कारखान्यांना पंप विकायचो. मुलीच्या कॉलेजसाठी बायको आणि ती पुण्याला परतल्या होत्या आणि माझा संसार म्हणजे एक फ्लॅट आणि एक प्रेशर कुकर. मिलिंद माझ्याहून सतरा-अठरा वर्षांनी लहान — नागपूरचा, तुआसच्या एका शिपयार्डात इंजिनियर, दिवसाला दहा वाक्यं बोलणारा. मंडळाच्या जेवणात मी त्याला सांगून टाकलं, की मी मोटरबोट घेतोय. घेत वगैरे नव्हतो. वाक्य तोंडात बरं वाटलं, म्हणून बोललो. तर हा म्हणतो, "कुठे आहे? बघू या." आता? पुढच्या आठवड्यात मला खरोखरची बोट शोधत फिरावं लागलं.

मिळाली पुंगोलच्या बाजूला, एका लहानशा बोटयार्डात. सतरा फूट — सतराच — फायबरची, मागे इंजिन टांगायची, वीस वर्षं जुनी. ताडपत्रीखाली इतकी पडून होती की बेडकांच्या तीन पिढ्या आत नांदत होत्या आणि एका फटीतून पपईचं रोप वर आलं होतं. पपया धरल्या होत्या, असंही मी सांगायचो. यार्डाची राखण करणारा चिनी म्हातारा — त्याला सगळे नुसतं अंकल म्हणत — प्लॅस्टिकच्या पिशवीतली कोपी, म्हणजे इथली कॉफी, स्ट्रॉने ओढत आमच्याकडे बघायचा. दोन वेड्यांकडे बघतात तसा.

आणि मग सुरू झाले ते रविवार.

कसे सांगू? सकाळी आठला मिलिंद यायचा, हातात प्राट्याचं, म्हणजे इथल्या पराठ्याचं, पार्सल. मग दिवसभर घासणं. फायबरची पूड अंगात गेली की तीन दिवस खाज. सोमवारी क्लायंटसमोर मी दाराच्या चौकटीला पाठ घासत पंपाचे गुण सांगायचो. तळाखालचे लाकडी दांडे सडून काळे पडले होते. हाताने ओरबाडले तर भिजल्या चहापत्तीसारखे निघायचे. ते सगळे काढले, शेडमागे ढीग केला, नवे घातले, वर फायबर चढवलं. वायरिंग नवीन, सुकाणूची केबल नवीन. बोटीत शिरलेलं पाणी उपसायला मी आमच्या ऑफिसातला असा पंप आणला, की त्याने एखादं धरण रिकामं झालं असतं. मिलिंदने तो न बोलता परत पाठवला. एका कोळ्याकडून बऱ्यापैकी नवं सेकंडहँड इंजिन मिळालं, ते शेडमध्ये कापड पांघरून उभं केलं.

मी बोलायचो, तो ऐकायचा. माझ्या प्रत्येक गोष्टीनंतर मान वर न करता म्हणायचा, "भागिले चार." आणि हसायचा. सोमवार ते शनिवार मी त्या हसण्याची वाट बघत असे. हे मात्र मी त्याला कधी सांगितलं नाही. बाकी काय सांगायचं ठेवलं होतं?

बघा, मी पुन्हा बोटीवरच रेंगाळतोय.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला मिलिंदचे बाबा आले. तीस दिवसांचा व्हिजिट पास. रेल्वेच्या वर्कशॉपात आयुष्यभर सुतारकाम करून रिटायर झालेला माणूस — बारीक, ताठ, पांढरा शर्ट, खिशाला पेन्सिल. पहिल्याच रविवारी यार्डात आले, चपला काढल्या आणि मग बोटीला हात लावला. मी विचारलं, बाबा, समुद्र आवडतो का? तेव्हा त्यांनी मला सांगितलं. दर वर्षी सहा डिसेंबरला ते दादरला जात. चैत्यभूमीवर रांग लावून दर्शन घ्यायचं, मग वाळूत उतरायचं आणि गुडघाभर पाण्यात थोडा वेळ उभं राहायचं. एवढाच त्यांचा समुद्र. एकही वर्ष चुकलं नव्हतं.

"किनाऱ्यावरून समुद्र लय पाह्यला, भाऊ," ते म्हणाले. "आता समुद्रावरून किनारा कसा दिसते, तेवढं पाहून घेतो."

लक्षात आलं ना? मला माहीत होतं. सहा डिसेंबरच्या आत ते परत जाणार, पास वाढवून मिळत असला तरी थांबणार नाहीत, हे मला त्यांच्याच तोंडून कळलेलं होतं. मला माहीत नव्हतं, अशी एक पळवाट मी बरीच वर्षं मनात बांधून पाहिली. ती उभी राहत नाही.

बोट जवळजवळ झाली होती. एकच गोष्ट तपासायची राहिली होती — मागची फळी. इंजिनाचं सगळं वजन तिच्यावर टांगलेलं असतं. बाहेरून आतून फायबर आणि मध्ये दाबून बसवलेलं प्लायवुड. वरून काही दिसत नाही. आतून सडली असेल, तर भर समुद्रात इंजिन फळीसकट उखडून जातं आणि मागून पाणी आत येतं. तपासायची रीत साधी — आतल्या बाजूने खाली तीन-चार बारीक भोकं पाडायची आणि ड्रिलला येणारा भुसा बघायचा. पिवळा, कोरडा असला तर फळी चांगली. काळा, ओला असला तर गेली. चांगली निघाली की भोकं बुजवून टाकायची.

त्या रविवारी मिलिंदला ड्यूटी लागली. त्याने शनिवारी फोन केला. दादा, तेवढी फळी बघून ठेवा, पुढच्या रविवारी इंजिन चढवू, त्याच्या पुढच्या रविवारी बाबांना घेऊन पाण्यात. आणि मग सहज, अगदी सहज, म्हणाला की बोट झाली म्हणजे त्याचे रविवार सुटतील. गावी जाऊन लग्नाचं बघायचं होतं. घर लावायचं होतं.

सुटतील. माणसाला रजा मिळावी, तसं म्हणाला तो.

मी एकट्याने चार भोकं पाडली. भुसा पिवळा आला. चारही भोकांतून — पिवळा, कोरडा, चुरचुरीत. नाकाशी धरला तर नव्या कपाटाचा वास. मी तो तळहातावर घेऊन किती वेळ उभा होतो कोण जाणे. मग शेडमागे गेलो. सडक्या दांड्यांच्या ढिगातून मूठभर काळं, ओलं लाकूड उचललं आणि अंकलने टाकलेल्या कोपीच्या पिशवीत भरलं. घाईघाईत नाही. रागात नाही. पिशवीला नीट गाठ मारली.

आणि मिलिंदला फोन लावला.

"फळी आतून सडली आहे," मी म्हणालो.

चार शब्द. आयुष्यभर मी मगरी सांगितल्या, वादळं सांगितली, एका मंत्र्याला लिफ्टमधून वाचवल्याचं सांगितलं, कुणी कधी चारने भागल्याशिवाय घेतलं नाही. तो पलीकडे ड्यूटीवर होता. मशीनचे आवाज येत होते. मग म्हणाला, "तुम्ही बघितलंय ना, दादा? मग काढा." त्या एका वाक्याला त्याने कशानेही भागलं नाही.

काढायला मला सगळी दुपार लागली. सडलेलं लाकूड हाताने निघतं. हे निघेना. ग्राइंडरने आतलं फायबर कापलं, मग छिन्नी-हातोडीने ढलपी ढलपी उडवत बसलो. अंकल येऊन उभा राहिला. एक ढलपी उचलून वाकवून पाहिली, ती कडाडून मोडली.

"वुड व्हेरी गुड वॉट," तो म्हणाला. "व्हाय कट?"

मी उत्तर दिलं नाही. मी! त्याने ती ढलपी खाली ठेवली आणि शेडकडे गेला. पुढे कधीही, कुणालाही तो त्याबद्दल बोलला नाही. ढलप्या मी संध्याकाळच्या आत गोळा करून कचऱ्यात टाकल्या.

पुढच्या रविवारी दोघं बापलेक आले. मी पिशवी दाखवली. मिलिंदने नुसती पाहिली. बाबांनी गाठ सोडली, चिमूटभर काळं बोटांत घेतलं, चोळलं, वास घेतला. मग रिकाम्या झालेल्या जागेकडे वळले आणि तिथल्या कडेवरून, छिन्नीच्या खुणांवरून अंगठा फिरवत राहिले. चाळीस वर्षं लाकडात काढलेला माणूस होता तो.

"सडलंच असन," ते म्हणाले, "तर काढाच लागन."

माझ्याकडे पाहून म्हणाले? की बोटीकडे? मी तेव्हा छिन्नी पुसत होतो. बघायची हिंमत झाली नाही.

त्यानंतरचे रविवार त्यांनी घेतले. नवं प्लायवुड त्यांनीच मापलं, पेन्सिलने आखलं, हातकरवतीने कापलं. मशीन नको म्हणाले. फळी अशी बसली की मध्ये कागद जाऊ नये. पण त्या महिन्यात इथे रोज दुपारी पाऊस. फायबरचा थर धरेना, एक वाळला की दुसरा, घासायचं, पुन्हा वाट बघायची. त्यावर इंजिन टांगणं शक्यच नव्हतं. मिलिंद रोज ऑफिसातून हवामान बघायचा. बाबा म्हणायचे, घाई नको, पोरा.

त्यांच्या शेवटच्या रविवारी बोट ट्रेलरवरच उभी होती, जमिनीवर. बाबा म्हणाले, बसून तर पाहतो. आम्ही हात देऊन चढवलं. ते पुढच्या सीटवर ताठ बसले, पाण्याकडे पाठ आणि यार्डाकडे तोंड करून. मी सुकाणू धरलं आणि सुरू झालो. लाट आली बाबा, धरून बसा. हे बघा, डावीकडे मलेशियाचं जोहोर, तो सुलतानाचा राजवाडा, सुलतान गच्चीत लुंगी वाळत घालतोय. मिलिंद पोट धरून हसत होता. बाबाही. माझ्या सगळ्या आयुष्यात मी इतकं चांगलं कधी बोललो नाही.

"कुठवर आलो, भाऊ?" त्यांनी विचारलं.

"पाच मैल, बाबा."

"आन् थो किनारा का?" त्यांनी शेडकडे बोट केलं. दारात अंकल स्टुलावर बसला होता.

"तोच."

बाबांनी हात वर केला आणि हलवला. अंकलने तोंडातली स्ट्रॉ काढली आणि तोही हात हलवत राहिला. बाबांनी खाली घेईपर्यंत.

बाबा परत गेले. सहा डिसेंबर गाठला. बोट त्याच आठवड्यात तयार झाली, पण मिलिंद म्हणाला, आता पाण्यात घालायची नाही, पुढच्या नोव्हेंबरला बाबा आले की घालू. म्हणजे करायला कामही उरलं नाही. मला या सगळ्यातून किती रविवार मिळाले? तीन. मोजून तीन, आणि तेही बाबांबरोबरच बोलण्यात मिलिंदने घालवले.

मे महिन्यात नागपूरहून फोन आला. बाबा झोपेतच गेले.

मिलिंद पुन्हा यार्डात आला नाही. बोट तुम्हीच चालवा दादा, म्हणाला, माझ्याने बसवणार नाही. पुढे त्याचं लग्न झालं. अजून मला जेवायला बोलावतात. कुणी नवीन पाहुणे असले, की तो मोजकं बोलणारा माणूस एक गोष्ट हमखास सांगतो — बाबांना बोटीत बसवणारच होतो, पण दादांनी आदल्याच आठवड्यात फळी उघडली, आतून पार काळी! नाहीतर भर समुद्रात... वाक्य पुरं करत नाही. दादांनी वाचवलं बाबांना, म्हणतो. त्याची बायको मला आग्रहाने आणखी एक पोळी वाढते. सगळे माझ्याकडे बघतात, मी काहीतरी रंगवून सांगेन म्हणून. मी पोळी खातो. दर वेळी खातो.

बोट मी एकदाच पाण्यात नेली. एकटा. फळी जराही हलली नाही. अर्धा-पाऊण मैल गेल्यावर इंजिन बंद केलं आणि मागे वळून पाहिलं. किनारा बुटका दिसतो, बाबा. झाडं एकात एक मिसळतात, शेडचं पत्र्याचं छप्पर तेवढं चमकतं, आणि आपण हलत असतो पण वाटतं तोच हलतोय. धक्क्यावर अंकल उभा होता. मी हात केला. तो तसाच उभा राहिला.

लाकूड चांगलं होतं.